मोटर जळली

एजी ऑफिसात छत्तीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या.
‘रक्कम खर्ची पडली’ असं कुणी लिहिलं
की समासात विचारायचो:
पडली कशी? कुणी खर्च केली? सही कुणाची?
शिवपुरी, दतिया, कुठकुठले हेडक्लार्क
त्या तीन प्रश्नांना टरकून असत.

आणि त्या जूनमध्ये,
तिघऱ्याचं पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे चारला,
जिन्याखाली नरवरियाजी आणि अर्धं दौलतगंज उभं असताना
मी म्हणालो,
मोटर जळली.

वाक्यात खोट नव्हती.
लिंग, वचन, क्रियापद जागच्या जागी.
चारला खटका मी दाबला होता,
ओला पंचा छातीवर टाकून गच्चीवर पुन्हा आडवा झालो होतो.
नळाला पाणी आलंच नाही.
ती दीड तास नुसती हवा ओढत राहिली.
वार्निशचा वास आला तेव्हा खाली गेलो,
खटका बंद केला,
वर येऊन दात घासले.
हे त्या वाक्यात कुठेच बसत नव्हतं.

नरवरियाजींचा भाचा सतेंद्र,
मुरैन्याहून कोचिंगला आलेला, रात्र रात्र जागणारा.
मी त्याचं नाव घेतलं नाही.
(हे मी पुढे किती जणांना सांगितलं!)
फक्त त्याच्याकडे एकदा पाहिलं,
आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.
मामाने सर्वांदेखत थोबाडीत दिली.
पोरगं ‘नाही’ म्हणालं, एकदाच.
आठवड्यात ट्रंक घेऊन गावी गेलं.

वाइंडिंगचे चौतीसशे. निम्मे मी दिले,
वर स्वतःला उदार समजलो.
पैसे मोजताना नरवरियाजी म्हणाले,
‘आप लोग हिसाब के बड़े पक्के हो.’
आप लोग!
त्या दोन शब्दांवर मी दीड वर्ष काढलं.
जिन्यात समोर आले की मान वळवायची,
आणि समाजाच्या बैठकीत
कसा अपमान झाला ते सांगायचं.
दर वेळी माझी बाजू थोडी अधिक उजळ व्हायची.

या जानेवारीत गजक आली नाही.
दरवर्षी सतेंद्रच्या घरून यायची, स्टीलच्या डब्यात.
कुमुदने तो डबा घासूनपुसून टेबलावर ठेवला.
मटार सोलता सोलता म्हणाली,
‘त्या पहाटे तुमची उशी रिकामी होती.’
एवढंच. मग शेंगा मोजत बसल्यासारखी गप्प.

सतरा पायऱ्या आहेत.
तिसरीवर म्हणून पाहिलं: मोटर हमसे जल गई.
छे. ‘से’ म्हणजे पुन्हा वास आल्यावर खाली गेलो तेच.
सातवीवर: हमने जला दी.
ग्वाल्हेरात एकटा माणूसही ‘हम’ असतो,
त्यात गर्दी करून लपता येतं.
मराठीत त्याने, तिने, नरवरियांनी,
सगळ्यांच्या मागे काही ना काही लागतं,
‘मी’ तेवढा मोकळा सुटतो.
इथे तशी सोय नव्हती.
चौदावीवर गुडघा धरला, म्हणालो: मैंने.
पुढचं आपोआप येईना.

दार उघडलं.
अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा.
मी सगळं बोललो,
त्यांच्या गालावरचा फेस वाळेपर्यंत.
ते चिडले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, ‘हमें काहे बता रहे हो?’
आणि नंबर लावून
फोन माझ्या हातात दिला,
डब्याच्या वर.

पलीकडे बसचा हॉर्न, वारा,
दीड वर्षात जाड झालेला आवाज.
‘कौन?’

समासातला माझाच प्रश्न.

‘हलो. कौन?’